जुना प्रोजेक्टर उघडला आणि कॅमेरा घडवला : बाबूराव पेंटर यांची गोष्ट

घरात जुना डिजिटल कॅमेरा धूळ खात पडला असेल तर त्याचा इन्फ्रारेड कॅमेरा बनवता येतो, हे तुमच्यापैकी काहींनी यूट्यूबवर पाहिलं असेल. स्क्रू काढायचे, सेन्सरसमोरची एक छोटी काच बदलायची आणि कॅमेरा पुन्हा बंद करायचा. अवघड आहे, पण व्हिडिओ थांबवून थांबवून करता येतं. लागणारी काच ऑनलाइन मागवता येते.

आज ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी जुन्या बाजारातला एक प्रोजेक्टर समजून घेतला आणि त्या ज्ञानावर सिनेमा शूट करणारा कॅमेरा घडवला. मॅन्युअल नाही, सुटे भाग देणारं दुकान नाही, विचारायला तज्ज्ञ नाही. त्यात काम अर्ध्यावर असताना सोबत काम करणारा भाऊच गेला.

मेस्त्रींचे पेंटर कसे झाले

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म 3 जून 1890 चा, कोल्हापूरचा. आडनावातच घराचा धंदा आहे. कारागिराचं घर, हातात हत्यार असणं रोजचंच. चित्रकला आणि शिल्पकला ते कुठल्याही आर्ट स्कूलमध्ये न जाता, स्वतःच्या हिमतीवर शिकले. नात्यातले भाऊ आनंदराव हेही तसेच चित्रकार. दोघांची जोडी जमली ती नाटकाच्या पडद्यांवर.

हे पडदे म्हणजे काय, ते आजच्या पोरांना सांगावं लागेल. संगीत नाटकाच्या काळात राजवाडा, जंगल, नगरातला रस्ता, सगळं मोठ्या कापडावर रंगवलेलं असायचं. पुढे नट गाणार, मागे तो पडदा. कापड सपाट, पण शेवटच्या रांगेतल्या माणसालाही महालाचे खांब मागे मागे जाताना दिसले पाहिजेत. दिव्याच्या उजेडात कोणता रंग उठतो आणि कोणता मरतो, याचा अंदाज पाहिजे. मला विचाराल तर हे काम जेवढं चित्रकाराचं तेवढंच इंजिनिअरचं. समोरच्याच्या डोळ्याला काय दिसेल, याचा हिशेब आधी डोक्यात मांडायचा आणि मग ब्रश उचलायचा.

1910 ते 1916 या काळात पश्चिम भारतातल्या नाटक मंडळींत या दोघांच्या पडद्यांचं मोठं नाव होतं. मराठी संगीत नाटकांसाठी आणि गुजराती-पारशी कंपन्यांसाठीही ते पडदे रंगवत. लोक त्यांना पेंटर म्हणू लागले आणि तेच आडनाव झालं. कोल्हापूरही तेव्हा शाहू महाराजांचं, कलावंतांना धरून ठेवणारं. 1915 साली तिथे पॅलेस थिएटर उभं राहिलं, ज्याला आज आपण केशवराव भोसले नाट्यगृह म्हणतो.

सिनेमा बघून झाला, आता मशीन बघू

भारतात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो 7 जुलै 1896 रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात. दाखवणारे फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचे लोक. त्यांच्या मशीनची एक गंमत लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे: एकच पेटी चित्रण करायची, फिल्मची कॉपी काढायची आणि पडद्यावर दाखवायचीही.

मग दादासाहेब फाळके. 1912 मध्ये ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात त्यांचा राजा हरिश्चंद्र लागला. आनंदराव आणि बाबूराव यांना त्यानंतर सिनेमानं पछाडलं. पडद्यावर रंगवलेलं जंगल हलत नाही, सिनेमातलं हलतं. पडदे रंगवणाऱ्यांना याचं काय वाटलं असेल, ते तुम्हीच ठरवा.

पण सिनेमा बनवायचा तर कॅमेरा हवा. तो मिळणार परदेशातून, परदेशी किमतीत. त्यात 1914 ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. दोघांनी वेगळा रस्ता धरला. मुंबईच्या जुन्या बाजारातून एक सिनेमा प्रोजेक्टर विकत घेतला, लोकांना खेळ दाखवायला सुरुवात केली आणि खेळ दाखवता दाखवता ते मशीन कसं चालतं याचा अभ्यास केला. आपल्या भाषेत याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात.

प्रोजेक्टर आणि कॅमेरा, फरक किती?

प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग सरकत नाही. एक फ्रेम लेन्ससमोर येते, क्षणभर थांबते, मग झटक्यात पुढची येते. हे थांबणं-सरकणं करायला कुठे नखासारखा आकडा असतो, जो फिल्मच्या कडेच्या छिद्रात अडकून ती खाली ओढतो. कुठे फुलीच्या आकाराचं खाचा असलेलं चाक असतं. फिल्म सरकत असताना शटरचं पातं आडवं येऊन प्रकाश अडवतं, नाहीतर पडद्यावर चित्र फरफटलेलं दिसेल. दिवा मागे, लेन्स पुढे, प्रकाश आतून बाहेर.

आता दिवा काढून टाका आणि प्रकाश बाहेरून आत येऊ द्या. लेन्स समोरच्या दृश्याचं चित्र फिल्मवर टाकेल. फिल्म थांबेल, चित्र उमटेल, पातं आडवं येईल, फिल्म सरकेल. झाला कॅमेरा! ल्युमिएरांची एकच पेटी तिन्ही कामं करायची ती यामुळेच.

कागदावर इतकं सोपं. प्रत्यक्षात घोडं अडतं ते मापात. 35 मिलिमीटर फिल्मवर एका फ्रेमसाठी चार छिद्रं असतात आणि प्रत्येक वेळी फिल्म बरोबर 19 मिलिमीटर सरकावी लागते. समजा कुठल्या तरी दात्याच्या खोटामुळे एक फ्रेम 0.1 मिलिमीटर इकडेतिकडे थांबली. फ्रेमची रुंदी साधारण 24 मिलिमीटर आणि पडदा 6 मीटरचा धरला तर चित्र 250 पट मोठं होतं. म्हणजे पडद्यावरचा नट अडीच सेंटिमीटर उडी मारणार, तेही सेकंदाला सोळा वेळा. नुसतं पाहून डोकं दुखेल. प्रोजेक्टर थोडा ढिला असला तर तो खेळ तेवढा बिघडतो. कॅमेरा ढिला असला तर तो थरथराट निगेटिव्हमध्येच छापला जातो, मग जगातला कितीही चांगला प्रोजेक्टर आणा.

दुसरी अडचण अंधाराची. प्रोजेक्टरच्या पेटीला फट असली तर फार काही बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीला सुईएवढं छिद्र राहिलं तरी फिल्म धुरकट होणार. आणि तिसरी, मला सगळ्यात भारी वाटणारी अडचण: प्रिव्ह्यू नाही. तुम्ही फोनवर फोटो काढता आणि त्याच सेकंदाला बघता. इथे हँडल फिरवायचं, फिल्म अंधारात काढायची, धुवायची, वाळवायची, मग कळणार की चाकाची एक खाच अजून घासायला हवी होती. पुन्हा सगळं पहिल्यापासून, आणि दर चाचणीला परदेशातून आलेली फिल्म खर्ची.

सोळा चित्रं सेकंदाला हा आकडा का? फिल्मच्या एका फुटात सोळा फ्रेम मावतात, म्हणजे सेकंदाला एक फूट. हँडलच्या एका फेऱ्यात आठ फ्रेम, सेकंदाला दोन फेरे. कॅमेरामनचा हात हाच मोटर आणि हाच स्पीड कंट्रोल. हजार फुटांचं रीळ म्हणजे सोळा हजार फोटो, आणि तेवढ्यात सोळा-सतरा मिनिटांचा सिनेमा.

1916

कॅमेऱ्याची जुळणी चालू असताना 1916 मध्ये आनंदराव अचानक वारले.

इथे बहुतेक कामं संपतात. प्रोजेक्ट दोघांचा असतो, त्यातल्या एकाच्या डोक्यात अर्धा आराखडा असतो आणि तो माणूस जातो. आमच्या क्षेत्रात कंपनी सोडून गेलेल्या माणसाचा कोड वाचतानाही लोक रडकुंडीला येतात. इथे तर समोर सुटे भाग, वर्षानुवर्षांचा जोडीदार गेलेला, आणि पडद्यांचा धंदाही दोघांच्या नावावर उभा.

बाबूरावांनी काम सोडलं नाही. त्यांना साथ मिळाली शिष्य विष्णुपंत दामले यांची. दामल्यांचा यंत्रांवर हात बसलेला होता. हेच दामले पुढे फत्तेलाल यांच्यासोबत संत तुकाराम (1936) दिग्दर्शित करणार होते, जो व्हेनिसच्या महोत्सवात गाजला. पण ती पुढची गोष्ट. 1918 मध्ये गुरुशिष्यांनी मिळून कॅमेरा पूर्ण केला. परदेशी कॅमेरा आणून सिनेमा काढणारे आधीही होते. कॅमेराच घरी घडवून मग सिनेमा काढणारे हे.

लाल रंग न दिसणारी फिल्म आणि इन्फ्रारेड

कॅमेरा झाला, पण त्यात घालायच्या फिल्मचा एक स्वभाव होता, आणि इथे आपण सुरुवातीच्या विषयाकडे येतो. तेव्हाची सिनेमाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची. म्हणजे तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसायचा, लाल दिसायचाच नाही. म्हणून डार्करूममध्ये लाल दिवा चालायचा. पण याच कारणानं कपाळावरचं लाल कुंकू काळं यायचं, लाल शालू काळा, ओठ काळे, आणि निळं आकाश पांढरंफटक. अशा फिल्मवर काम करणाऱ्याला रंग डोळ्यांनी बघून चालत नाही, फिल्म काय बघेल याचा विचार करावा लागतो. पडदे रंगवताना दिव्याच्या उजेडात रंग कसा दिसेल हा हिशेब बाबूराव वर्षानुवर्षं करत आले होते. तो इथे कामी आला असणार.

आता आपला डिजिटल सेन्सर घ्या. त्याची तऱ्हा बरोबर उलटी. आपला डोळा साधारण 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश बघतो. सिलिकॉनचा सेन्सर त्यापलीकडे, सुमारे 1100 नॅनोमीटरपर्यंत बघू शकतो. त्याला मोकळं सोडलं तर फोटोतले रंग बिघडतील, म्हणून कंपन्या सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी काच बसवतात. फिकट निळसर-हिरवी झाक असलेला छोटा चौकोन असतो तो. टीव्हीचा रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा, बऱ्याच फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात जांभळट ठिपका चमकेल. काचेतून निसटलेला तो इन्फ्रारेड.

जुना कॅमेरा बदलायचा म्हणजे ही काच काढायची आणि तिच्या जागी दिसणारा प्रकाश अडवून फक्त इन्फ्रारेड सोडणारी काच लावायची. 720 नॅनोमीटरची जास्त वापरली जाते. काचेची जाडी वेगळी असली की फोकस हलतो, म्हणजे बाबूरावांचाच प्रॉब्लेम, शतक वेगळं. एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या: फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात एक कपॅसिटर असतो, त्यात 300 व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो राहतो. तो कसा रिकामा करायचा हे माहीत नसेल तर कॅमेरा उघडू नका. इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाल्याकडे न्या.

आमच्या कळमेश्वरात संत्र्याच्या बागा आहेत. मित्राच्या घरचा बंद पडायला आलेला छोटा कॅमेरा असा बदलून आम्ही काटोल रोडच्या एका बागेत नेला होता. एप्रिलचं ऊन, नागपूरकडचं. फोटोत संत्र्याची हिरवीगार झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी, आणि आकाश गडद. कारण असं की पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश खातं, पण इन्फ्रारेडला हात लावत नाही, आणि पानाच्या आतल्या पेशींची रचना तो मोठ्या प्रमाणात परत फेकते. आकाश काळं येतं कारण हवा निळ्या प्रकाशाला विखुरते तसं इन्फ्रारेडला विखुरत नाही. पानं पांढरी येण्याच्या या प्रकाराला रॉबर्ट वुड या अमेरिकन शास्त्रज्ञाचं नाव आहे. त्यांनी 1910 मध्ये असे फोटो प्रसिद्ध केले, म्हणजे आनंदराव-बाबूराव पडदे रंगवत होते त्याच सुमारास.

दोन्ही फोटो शेजारी ठेवले तर मजा येते. बाबूरावांच्या फिल्मवर आकाश पांढरं, आमच्या सेन्सरवर काळं. खरं आकाश दोघांनीही दाखवलं नाही.

कंपनी, सैरंध्री आणि पुढे

कॅमेरा तयार होता, पैसा नव्हता. तो दिला तानीबाई कागलकर यांनी. त्या शास्त्रीय गायिका. कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली ती अशी, एका गायिकेच्या भांडवलावर आणि घरी घडवलेल्या कॅमेऱ्यावर. आजच्या स्टार्टअपवाल्यांनी तानीबाईंचं नाव पाठ करायला हरकत नाही.

कंपनीचा सैरंध्री 1920 मध्ये पुण्यात लागला. कथा महाभारतातली, भीमानं केलेल्या कीचकवधाची. तो वध इतका खरा वाटला की सेन्सॉरनं त्यावर कात्री चालवली. स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रात तारामतीचं काम पुरुषानं केलं होतं, हे आठवलं की यातलं धाडस कळतं. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टिळक गेले.

बाबूरावांनी रंगवलेले पडदे बाजूला सारले आणि खरी खोली असलेले सेट उभे केले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पडदे हीच ज्यांची कमाई आणि कीर्ती, त्यांनीच ओळखलं की कॅमेऱ्यापुढे पडदा खोटा पडतो. प्रसंगांची आणि पोशाखांची ते आधी चित्रं काढत, पोस्टर स्वतः रंगवत. 1923 च्या सिंहगडमध्ये रात्रीचे प्रसंग त्यांनी कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात चित्रित केले. सिनेमा तोवर सूर्याच्या वेळापत्रकावर चालायचा. आज फोनमधला नाइट मोड आपण अंगठ्यानं चालू करतो. त्यांना रात्र दाखवण्यासाठी आधी उजेड तयार करावा लागला.

1925 चा सावकारी पाश मात्र देवादिकांचा नव्हता आणि किल्ल्यांचाही नव्हता. सावकाराच्या कर्जात जमीन गेलेला शेतकरी आणि त्याचं शहरात गिरणीकडे वळणं, अशी गोष्ट, हरि नारायण आपटे यांच्या कथेवरची. तरुण शेतकऱ्याच्या कामात व्ही. शांताराम होते, जे कंपनीत पडेल ते काम करत शिकत होते. कापूस आणि कर्ज ही जोडी आमच्या विदर्भात कोणाला समजावून सांगावी लागत नाही, त्यामुळे शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी हा विषय पडद्यावर आणला हे वाचून मी थोडा वेळ थांबलोच.

1929 मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी प्रभात फिल्म कंपनी काढली. ज्यांना हाताला धरून मशीन शिकवलं तेच गेले. नंतर दोनच वर्षांत, 1931 ला आलम आरा आला आणि सिनेमा बोलू लागला. आवाजासोबत फिल्म सेकंदाला 24 फ्रेम या ठरलेल्या वेगानं, मोटरवर चालणं भाग होतं, कारण वेग हलला की आवाज फाटतो. हातानं फिरवायच्या कॅमेऱ्याचे दिवस तिथे संपले. प्रभातचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट 1932 मध्ये आला.

बोलपटात बाबूरावांचं मन फारसं रमलं नाही. त्यांनी उषा, प्रतिभा असे काही काढले, सावकारी पाश 1936 मध्ये पुन्हा आवाजासह केला, पण जास्त वेळ ते आपल्या पहिल्या कामात, चित्र आणि शिल्पात राहिले. 1947 च्या लोकशाहीर रामजोशीवर दिग्दर्शक म्हणून दोन नावं आहेत, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम. निर्मिती शिष्याच्या राजकमलची. 1952 मध्ये विश्वामित्र आला. 16 जानेवारी 1954 रोजी बाबूराव कोल्हापुरातच वारले.

कोल्हापुरात खरी कॉर्नरला त्यांचं आणि आनंदरावांचं स्मारक आहे. एक खांब आणि वर कॅमेरा. महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलात तर तिथून फार लांब नाही. फोटो काढायला थांबलात तर खांबावरचं आनंदरावांचं नावही फ्रेममध्ये घ्या.